सुजलेले घोटे आणि भोसरीची गोळी

उभ्यानं काम करणाऱ्या माणसाला पायाची सूज सगळ्यांत आधी बुटातून कळते. पहिल्या शिफ्टला सहज चढलेला सेफ्टी शूज दुपारी निघता निघत नाही. मोज्याच्या रबराचा वळ घोट्यावर खोल उमटतो, नडगीवर बोट दाबलं की खळगा पडतो आणि तो भरायला वेळ लागतो. पिंपरी, भोसरी, आकुर्डी, चाकण या पट्ट्यात पन्नाशीकडे झुकलेला कामगार ही तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जातो तेव्हा त्याला आधी किडनीची, मग हृदयाची धास्ती वाटते. पुष्कळदा कारण निघतं ते त्याच्या खिशातल्या पाकिटात. रोज सकाळी घ्यायची बीपीची गोळी, बहुधा ॲम्लोडिपिन.

या सुजेवर उतारा शोधण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न याच पट्ट्यात, भोसरीच्या एमआयडीसीत झाला, हे मात्र त्या कामगाराला सहसा ठाऊक नसतं. रक्तदाबाच्या औषधांचा इतिहास म्हणजे त्यांच्या दुष्परिणामांशी झालेल्या झटापटीचा इतिहास आहे आणि त्याची पहिली काही पानं मुंबई-पुण्याच्या परिसरात लिहिली गेली आहेत. औषधाचा शोध कोणी लावला हे सांगितलं जातं. ते औषध घेऊन ज्याचं नाक चोंदलं, मन खचलं, पाय सुजले, त्याच्या तक्रारीतून पुढचं औषध घडलं, हे मात्र सांगायचं राहून जातं.

उच्च रक्तदाबाची मोठी अडचण अशी की तो बहुतेकांना जाणवत नाही. 160 किंवा 170 चा दाब घेऊन माणूस वर्षानुवर्षं मशीनवर उभा राहतो, गावाकडे शेत नांगरतो, लग्नात नाचतो. त्याला काही होत नसतं. गोळी सुरू झाल्यावर मात्र होऊ लागतं. कुणाला चक्कर, कुणाला खोकला, कुणाला थकवा. आजार गप्प आणि औषध बोलकं, असा हा उलटा व्यवहार आहे. म्हणून ताप उतरल्यावर गोळी थांबवणारा माणूस इथे गोळीमुळे त्रास झाला म्हणून गोळी थांबवतो आणि त्याला लगेच बरंही वाटतं. त्या बरं वाटण्याची किंमत काही वर्षांनी पक्षाघाताच्या किंवा हृदयविकाराच्या झटक्यात चुकवावी लागू शकते.

आज पिंपरी म्हटलं की गाड्या डोळ्यांपुढे येतात. पण कारखान्यांचं गाव म्हणून पिंपरीची ओळख झाली ती औषधांनी. 1954 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी उभी राहिली. सार्वजनिक क्षेत्रातला हा देशातला पहिला औषध कारखाना. 1955 पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. एच.ए.ची कॉलनी, तिथली झाडी, भोंग्यावर चालणारं आयुष्य, या सगळ्यानं पिंपरीच्या एका पिढीला घडवलं. 1961 मध्ये याच संस्थेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं आणि कंपनीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं. त्या काळची चिंता संसर्गाची होती. क्षय, न्यूमोनिया, जखमेतलं विष यांनी माणसं तरुणपणी मरत. रक्तदाबापर्यंत पोहोचायला आधी जगावं लागतं, आणि तेवढं आयुष्य पेनिसिलिनसारख्या औषधांनी मिळवून दिलं.

चाळीसच्या दशकापर्यंत रक्तदाबावर औषध असं जवळजवळ नव्हतंच. महात्मा गांधींच्या प्रकृतीच्या नोंदी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं 2019 मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत 19 फेब्रुवारी 1940 रोजीचा त्यांचा रक्तदाब 220/110 असा नोंदलेला आहे. इतक्या दाबावर त्या काळी विश्रांती, मौन, मिताहार आणि मातीच्या पट्ट्या हेच उपाय. 1945 मध्ये गांधीजी पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात येऊन राहिले होते. परदेशातली स्थितीही फार निराळी नव्हती. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट 1945 च्या एप्रिलमध्ये मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले तेव्हा त्यांचा दाब 300/190 होता आणि जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या डॉक्टरांकडे त्यावर द्यायला काही नव्हतं. श्रीमंत रुग्णांच्या पाठीतल्या नसा शस्त्रक्रियेनं कापत, किंवा त्यांना नुसत्या भातावर आणि फळांवर ठेवत.

भारताकडे मात्र एक मुळी होती. सर्पगंधा. वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठी, झोप येण्यासाठी, साप-विंचवाच्या दंशावर ती पिढ्यान् पिढ्या दिली जात होती. बिहारकडे तिला सरळ वेड्यांचं औषध म्हणत. 1931 मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि उच्च रक्तदाबावर तिचा उपयोग होतो असं छापून मांडलं. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतली काही द्रव्यं वेगळी काढली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलिन म्हटलं. सर्पगंधेच्या गोळ्या बाजारात मिळू लागल्या. पण त्यांचं माप, त्यांचा परिणाम, त्यांचा त्रास, यांचा शिस्तशीर हिशेब कुणी जगापुढे ठेवला नव्हता.

तो ठेवला मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. 1911 मध्ये मुंबईत जन्मलेले, इंग्लंडमध्ये शिकून परतलेले हे पारशी डॉक्टर हृदयरोगाचे तज्ज्ञ. त्यांनी वर्षानुवर्षं सर्पगंधा वापरली, रुग्णांचे आकडे टिपले आणि 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध लिहिला. त्यात 50 रुग्णांच्या काटेकोर नोंदी होत्या. आधी काही काळ औषधाविना निरीक्षण, मग औषध, मग ते थांबवल्यावर काय होतं याची नोंद, अशी ती मांडणी. परळच्या गर्दीच्या ओपीडीत, गिरणगावाच्या माणसांवर उपचार करता करता इतकं नीटस काम होऊ शकतं, याचा मराठी वाचकाला आजही अभिमान वाटायला हवा. केईएमच्या थोरवीच्या गोष्टींत ही गोष्ट फार क्वचित सांगितली जाते.

निबंध बॉस्टनला पोहोचला. तिथल्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचून भारतातून औषध मागवलं आणि आपल्या रुग्णांना दिलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं केलं. तेच रेसर्पिन. सर्पासिल या नावानं ते जगभर गेलं. 1957 मध्ये वकिलांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला, 1958 मध्ये पद्मभूषण. रक्तदाब औषधानं उतरवता येतो, ही गोष्ट त्या काही वर्षांत दवाखान्यांच्या सवयीची झाली.

आणि लगोलग तक्रारी आल्या. पहिली तक्रार नाकाची. रेसर्पिननं रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसांचा जोर कमी होतो. त्यामुळे रक्तदाब उतरतो, पण नाकाच्या आतल्या वाहिन्याही फुगतात आणि नाक चोंदतं. माणूस सर्दीची औषधं घेत राही आणि सर्दी हटत नसे. झोपाळूपणा येई, पोटात आम्ल वाढे. गंभीर तक्रार होती ती मनाची. 1954 मध्ये अमेरिकेतले डॉ. एडवर्ड फ्रीस यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये नोंद दिली की मोठ्या मात्रेत, दीर्घकाळ रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना नैराश्यानं घेरलं. जे औषध वेडाच्या झटक्यात माणसाला शांत करत होतं, तेच रक्तदाबाच्या शहाण्या माणसाला उदास करू शकत होतं. तेव्हाची मात्रा आजच्या मानानं कितीतरी अधिक होती. पुढच्या अभ्यासांनी हेही दाखवलं की अल्प मात्रेत नैराश्याचा धोका समजला गेला तेवढा ठाम नाही. पण नावाला बट्टा लागला तो लागलाच.

या तक्रारीनं विज्ञानाचं एक मोठं दार उघडलं. रेसर्पिन मेंदूत नेमकं काय करतं, याचा माग काढताना अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेला 1955 मध्ये दिसलं की हे औषध सेरोटोनिनचे साठे रिकामे करतं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिननं निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा टोचलं आणि ससे पुन्हा हालू लागले. त्यातून मेंदूतलं डोपामिनचं काम उलगडलं, कंपवातावरचा उपचार निघाला आणि 2000 साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. पार्किन्सनच्या रुग्णाला आज मिळणारी गोळी ही या अर्थानं रक्तदाबाच्या गोळीच्या दुष्परिणामाची देणगी आहे.

भारतात रेसर्पिन पुढेही बरीच वर्षं टिकलं, ते संयुक्त गोळीत. अडेल्फेन हे नाव जुन्या रुग्णांच्या आणि केमिस्टांच्या तोंडी असे. तिच्यात रेसर्पिन अगदी थोडं, 0.1 मिलिग्रॅम, आणि सोबत डायहायड्रालाझिन. अडेल्फेन-एसिड्रेक्समध्ये लघवी वाढवणारं तिसरं औषधही. विचार साधा होता: एकाच औषधाची मोठी मात्रा देऊन त्रास ओढवून घेण्यापेक्षा दोन-तीन औषधांच्या छोट्या मात्रा द्याव्यात. रक्तदाबाच्या उपचारातला हा सगळ्यांत शहाणा धडा आहे आणि तो कुठल्या नव्या शोधापेक्षा रुग्णांच्या तक्रारींनी शिकवला.

दरम्यान जगात इतर औषधं येत होती आणि प्रत्येकाचा आपापला काच होता. चाळीसच्या दशकाच्या अखेरीला आलेल्या हेक्सामेथोनियमनं दाब खात्रीनं उतरे, पण माणूस अंथरुणातून उठला की कोसळे, तोंड कोरडं पडे, पोट साफ होत नसे, दिसायला अंधूक होई. 1957-58 मध्ये क्लोरोथायझाइड आलं आणि लघवीवाटे मीठ काढून दाब कमी करणं सोपं झालं. त्यानं काहींचं पोटॅशियम घसरलं, काहींच्या अंगठ्यात गाऊट भडकला. जेम्स ब्लॅक यांच्या प्रोप्रॅनोलॉलनं हृदयाचे ठोके आवरले, पण दम्याच्या रुग्णाला ते घातक ठरलं. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषावरच्या अभ्यासातून घडलेलं कॅप्टोप्रिल 1981 मध्ये मंजूर झालं. त्याच्या कुळातल्या औषधांनी कोरडा, घशात खवखवणारा खोकला आणला. 1995 मध्ये आलेल्या लोसार्टननं तो खोकला टाळला. टेल्मिसार्टन हे त्याच घराण्यातलं, आज औषधांच्या दुकानांत सर्वाधिक ओळखीचं नाव.

हे होत असताना पिंपरीचं गाव बदलून गेलं. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज, 1966 मध्ये टेल्को, त्यांना सुटे भाग पुरवणारी भोसरीची शेकडो वर्कशॉपं. 1970 मध्ये नगरपालिका, 1972 मध्ये प्राधिकरण, 1982 मध्ये महानगरपालिका. सातारा, सांगली, सोलापूर, नगर, मराठवाड्यातून विशी-बाविशीची मुलं आली, चाळीत राहिली, पर्मनंट झाली, प्राधिकरणात किंवा चिखलीत घर बांधलं. गावाकडची भाकरी सुटली नाही, पण तिच्याबरोबर कॅन्टीनचं खारट, वडापाव, फरसाण आणि लोणचं आलं. रात्रपाळीनं झोप तुटली. शिफ्टचं काम आणि वाढता रक्तदाब यांचा संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलेला आहे. ही मुलं नव्वदच्या दशकात पन्नाशीकडे झुकली, आणि संत तुकारामनगरच्या वायसीएम रुग्णालयासमोरच्या औषधांच्या दुकानांत त्यांच्या बीपीच्या पाकिटांची रोजची मागणी सुरू झाली.

ही पाकिटं त्यांना परवडली, यामागे एक कायदा आहे. 1970 च्या पेटंट कायद्याची अंमलबजावणी 1972 पासून झाली आणि औषधाच्या रेणूवर पेटंट मिळणं बंद झालं. पद्धत वेगळी असेल तर तेच औषध भारतीय कंपनी बनवू शकत होती. याच मोकळ्या जमिनीवर 1981 मध्ये सतीश मेहता यांनी पुण्यात एमक्युअर ही कंपनी काढली. तिचं मुख्य कार्यालय बरीच वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत होतं.

ॲम्लोडिपिन नव्वदीच्या सुरुवातीला आलं. अमेरिकेत त्याला 1992 मध्ये मंजुरी मिळाली, आणि भारतातल्या अनेक कंपन्या लवकरच ते बनवू लागल्या. त्याच्या आधीच्या निफेडिपिननं दाब झपकन उतरे, तोंड लाल होई, डोकं ठणके. ॲम्लोडिपिन सावकाश चढतं आणि शरीरात दीर्घकाळ राहतं. त्याची मात्रा निम्मी व्हायला तीस ते पन्नास तास लागतात. म्हणून ते दिवसातून एकदा घेतलं की पुरतं. आज फर्स्ट, पुढच्या आठवड्यात थर्ड शिफ्ट असणाऱ्या माणसाची वेळ काही तास मागेपुढे झाली तरी फारसं बिघडत नाही. कारखान्याच्या गावाला इतकं सोयीचं दुसरं औषध क्वचितच असेल.

अडचण घोट्यांची. अमेरिकेतल्या चाचण्यांचे आकडे या औषधाच्या माहितीपत्रकात छापलेले आहेत. 5 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी 3 टक्क्यांना सूज आली, 10 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी 10.8 टक्क्यांना. औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 0.6 टक्के होतं. स्त्रियांना पुरुषांपेक्षा जास्त त्रास होतो, हेही त्याच चाचण्यांत दिसलं: पुरुषांत 5.6 टक्के, स्त्रियांत 14.6 टक्के. दिवसभर ओट्यापाशी उभी राहणारी गृहिणी आणि पॅकिंगच्या टेबलाशी उभी राहणारी कंत्राटी कामगार यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. मात्रा दुप्पट केली तर दाब दुपटीनं उतरत नाही, सूज मात्र तिपटीहून अधिक वाढते.

ही सूज कशी येते ते समजलं तर तिच्याशी कसं वागायचं तेही समजतं. ॲम्लोडिपिन लहान धमन्या सैल करतं, पण शिरांना तेवढं सैल करत नाही. केशवाहिन्यांत रक्त जोरानं येतं, पलीकडची वाट मात्र पूर्वीइतकीच अरुंद. त्या दाबानं पाणी वाहिन्यांतून बाहेर झिरपतं आणि उभ्या माणसाच्या शरीरात सगळ्यांत खाली, घोट्याशी साचतं. म्हणजे अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, ते चुकीच्या जागी गेलेलं असतं. या सुजेवर लघवीच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही, तरी ती अनेकदा लिहून दिली जाते. मग त्या गोळीचे दुष्परिणाम सुरू होतात आणि त्यांच्यासाठी तिसरी गोळी येते. याउलट टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखं औषध सोबत दिलं तर शिराही सैल होतात आणि सूज कमी होते. ॲम्लोडिपिनची मात्रा निम्मी करता येते. अडेल्फेनच्या काळातला तोच धडा इथे पुन्हा कामी येतो.

पुण्यातल्या रसायनशास्त्रज्ञांनी मात्र वेगळी वाट धरली. ॲम्लोडिपिनचा रेणू दोन रूपांत असतो, उजवा आणि डावा हात असावेत तशी ती एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. नेहमीच्या गोळीत दोन्ही निम्मी-निम्मी असतात. दाब उतरवण्याचं काम जवळजवळ सगळं एकच रूप करतं, ज्याला एस-ॲम्लोडिपिन म्हणतात. दुसरं रूप कामाचं नाही. मग ते पोटात कशाला घालायचं? ते काढून टाकलं तर निम्म्या मात्रेत, म्हणजे 5 ऐवजी 2.5 मिलिग्रॅममध्ये तेवढाच परिणाम मिळेल आणि सूजही कमी होईल, असा तर्क होता. पण एकाच वजनाची, एकाच घडणीची ही दोन रूपं वेगळी करणं कठीण आणि खर्चाचं. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुकुंद गुर्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी पद्धत विकसित केली. तिचं अमेरिकी पेटंट वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या नावे 2003 मध्ये निघालं. त्याच काळात एमक्युअरनं असोमेक्स या नावानं एस-ॲम्लोडिपिनची गोळी भारतीय बाजारात आणली. गुर्जर पुढे एमक्युअरमध्येच संशोधनाची धुरा सांभाळायला गेले.

नेहमीच्या गोळीनं पाय सुजलेल्या रुग्णांना ही गोळी दिली आणि बहुतेकांची सूज ओसरली, असे निष्कर्ष भारतातल्या सुरुवातीच्या पाहण्यांनी दिले. डॉक्टरांनी ती उत्साहानं लिहिली आणि अनेक रुग्णांना आराम पडला, यात शंका नाही. तरीही या पाहण्या खुल्या होत्या. कोणाला कोणती गोळी दिली हे डॉक्टरलाही ठाऊक होतं आणि रुग्णालाही, शिवाय तुलनेला दुसरा गट नव्हता. अशा पाहणीत नव्या औषधाचं पारडं नेहमी थोडं जड होतं. अमेरिकेनं डिसेंबर 2019 मध्ये हेच औषध लेव्हॅम्लोडिपिन म्हणून एका चिनी कंपनीला मंजूर केलं, आणि तिथल्या माहितीपत्रकात सूज हा दुष्परिणाम नोंदलेलाच आहे. पाषाण-भोसरीच्या या कामाचं मोल त्यामुळे कमी होत नाही. रुग्णाच्या पायाकडे पाहून कुणीतरी रेणू बदलायला निघालं, ही भारतीय औषध-उद्योगात विरळ घडणारी गोष्ट आहे. पण ज्याला महागडं पाकीट परवडत नाही त्यानं हे जाणून असावं की मात्रा कमी करणं आणि सोबत दुसरं औषध घेणं हा स्वस्त मार्गही तितकाच शास्त्रशुद्ध आहे.

कामगाराच्या आयुष्यात दुष्परिणाम पुस्तकातल्यापेक्षा वेगळे वागतात. लघवीची गोळी सकाळी घेतली की पहिले काही तास पुन्हा पुन्हा जावं लागतं. असेंब्ली लाइनवरच्या माणसाला जागा सोडायला रिलीव्हर लागतो, तेव्हा तो गोळीच टाळतो, किंवा पाणी पिणं बंद करतो. दुसरं पहिल्यापेक्षा वाईट. फोर्जिंग आणि फाउंड्रीत भट्टीशेजारी घाम गाळणाऱ्याच्या अंगातलं पाणी आणि मीठ आधीच गेलेलं असतं. त्यात लघवीची गोळी आली की एप्रिल-मे महिन्यात उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी येते. क्रेन चालवणारा, चाकणहून रात्री कंटेनर घेऊन निघणारा ड्रायव्हर, उंचावर वेल्डिंग करणारा, यांना नवी गोळी सुरू करताना पहिले काही दिवस जपायला हवं, आणि त्यांचं काम काय आहे हे डॉक्टरांनी विचारायला हवं. गर्दीच्या ओपीडीत हा एक प्रश्न राहून जातो. पाठ धरली म्हणून मेडिकलमधून परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅकची गोळी रक्तदाब वाढवते आणि टेल्मिसार्टन व लघवीच्या गोळीसोबत पडली तर किडनीवर ताण आणते. हे तिन्ही एकत्र घेणारे कामगार विरळ नाहीत.

खोकल्याचंही तसंच. रामिप्रिल किंवा एनालाप्रिल घेणारा माणूस खोकू लागला की वर्कशॉपच्या धुळीला दोष दिला जातो, कफ सिरप चालू होतं, टीबीची तपासणी होते. तपासणी जरूर करावी. पण तो खोकला औषधाचा असेल तर औषध बदलल्यावर एक ते चार आठवड्यांत, क्वचित त्याहून उशिरा, आपोआप जातो.

एका तक्रारीबद्दल पुरुष बोलतच नाहीत. ॲटेनोलॉलसारख्या औषधांनी लैंगिक दुर्बलता येते, ही भीती अनेकांना गोळी सोडायला लावते. 2003 मध्ये इटलीत 96 पुरुषांवर एक प्रयोग झाला. सर्वांना ॲटेनोलॉलच दिलं. ज्यांना औषधाचं नाव सांगितलं नव्हतं त्यांपैकी 3.1 टक्क्यांनी ही तक्रार केली. नाव सांगितलेल्यांपैकी 15.6 टक्क्यांनी, आणि नावासोबत हा दुष्परिणामही सांगितलेल्यांपैकी 31.2 टक्क्यांनी. औषधाचा दोष अगदीच नाही असं यावरून म्हणता येत नाही, पण त्यात भीतीचा वाटा फार मोठा आहे. आणि गप्प बसलं की भीती वाढते. अशी औषधं एकाएकी थांबवणं तर धोक्याचंच, कारण ठोके आणि दाब उसळी घेऊ शकतात.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातल्या 35.5 टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. 2017 मध्ये सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्यात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे निवडले गेले. सरकारी दवाखान्यात मोजकी, ठरलेली औषधं मोफत मिळावीत, अशी ती आखणी, आणि ॲम्लोडिपिन त्यांत आघाडीला. म्हणजे सुजलेल्या घोट्यांची तक्रार आता गावोगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणार. तिथल्या आरोग्यसेविकेला आणि आशाताईंना या सुजेचा अर्थ शिकवणं हे गोळ्या पुरवण्याइतकंच निकडीचं आहे. अन्यथा पाकिटं घरोघर पोहोचतील आणि फडताळात पडून राहतील.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याची व्यवस्था भारतात उशिरा आली. नव्वदीच्या अखेरीस देश जागतिक आरोग्य संघटनेच्या या कामात सामील झाला तेव्हा सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत वकिलांचं केईएम होतं. 2010 मध्ये राष्ट्रीय औषधसुरक्षा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्या वर्षी तो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे गेला. या कार्यक्रमात तक्रार नोंदवायला डॉक्टरच हवा असं नाही. रुग्ण स्वतः किंवा त्याच्या घरचं कुणीही नोंदवू शकतं, आणि त्यासाठीचा अर्ज मराठीतही आहे.

बीपीच्या गोळीनं पाय सुजले, खोकला लागला, चक्कर आली, तर गोळी मनानं बंद करू नये. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावं, आपलं काम आणि शिफ्ट सांगावी, दुसरं औषध किंवा कमी मात्रा मागावी. आणि त्रासाची नोंद 1800-180-3024 या टोल-फ्री क्रमांकावर जरूर द्यावी.